चोवीस चॅनलांचा आवाज जिथून बाहेर पडतो

ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश मिक्सर हाती लागला, की त्याचा मालक फार दिवस गप्प बसत नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो झाकण उघडतो आणि हमखास आउटपुट स्टेजपाशी थांबतो. यामागे साधा हिशेब आहे. चॅनलमधलं काही बदलायचं तर तेच काम चोवीसदा करावं लागतं. डाव्या-उजव्या आउटपुटचं काम दोनदा केलं की संपलं, आणि डेस्कमधला प्रत्येक सूर तिथूनच बाहेर पडतो.

त्या काळातल्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या डेस्कांत टीएल०७२ हा आयसी जागोजागी सापडतो. विजेला काटकसरी, भावाला परवडणारा, आणि हलकं काम असेल तर तक्रारीला जागा न देणारा. दोन किलोओहमचा भार तो सांभाळतो. पुढे ६०० ओहमचं जुनं यंत्र जोडलं की मात्र धापा टाकतो आणि मोठ्या पातळीवर आवाज फाटतो. एनई५५३२ हा आयसी ६०० ओहमसाठीच घडवलेला. अधिक-उणे १७ व्होल्टच्या सप्लायवर तो साधारण १० व्होल्ट, म्हणजे +२२ डीबीयू, स्वच्छ देतो. पाय तेच, जागा तीच. सॉकेट असेल तर जुना उपटायचा, नवा बसवायचा. (मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचा तर ओळखीचं दुकान बरं, पुसून नवा नंबर छापलेले आयसी जगभर फिरत असतात.)

आउटपुटच्या एक पायरी अलीकडे समिंग अ‍ॅम्प्लिफायर असतो. सगळ्या चॅनलांचे सिग्नल तिथे एकत्र येतात. सिग्नलसाठी त्याचं गेन एकच असतं, पण स्वतःची खरखर तो पंचवीसपट वाढवतो, कारण चोवीस रेझिस्टर एकाच बिंदूला येऊन मिळालेले असतात. पंचवीसपट म्हणजे २८ डीबी. टीएल०७२ची स्वतःची खरखर १८ नॅनोव्होल्ट, ५५३२ची ५ (दर रूट हर्ट्झला). नेहमीचे २२ किलोओहमचे रेझिस्टर धरले, तर या एका अदलाबदलीत साधारण ९ डीबी पदरात पडतात.

पण हे ९ डीबी सगळे फेडर खाली असताना मिळतात. फेडर वर सरकवले की चोवीस चॅनलांची आपली खरखर एकत्र येऊन वरचढ ठरते आणि समिंगची सुधारणा तिच्याखाली दबते. ‘आयसी बदलला आणि पडदा उघडल्यासारखं वाटलं’ असं कुणी सांगितलं, तर मी आधी विचारतो, कपॅसिटरही बदललेत का?

बहुतेक वेळा बदललेले असतात, आणि खरी करामत तिथेच असते. आउटपुटला मालिकेत बसवलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा ठोकताळा. २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकून पाचाच्या आसपास आला आणि पुढे ६०० ओहमचा भार असला, तर पन्नासेक हर्ट्झपासूनच बास गळू लागतो. तिथे २२० मायक्रोफॅरडचा घालावा. मोठ्या कपॅसिटरवर सिग्नलचा व्होल्टेज जवळजवळ पडत नाही, त्यामुळे त्याची स्वतःची विकृतीही राहत नाही. जुन्या बोर्डावर हे काम सावकाश करावं. सोल्डर शोषून घेण्याआधी पाय ओढला, तर तांब्याची पट्टी बोर्ड सोडून वर येते.

नवे वेगवान आयसी, उदाहरणार्थ एलएम४५६२, कागदावर ५५३२पेक्षा सरस आहेत. जुन्या बोर्डात ते नीट नांदतीलच असं नाही. सिग्नल न देता ऑसिलोस्कोप लावला, तर आडवी रेघ बारीक दिसायला हवी. ती जाड आणि केसाळ दिसली, की समजावं, आयसी मेगाहर्ट्झमध्ये आपणहून कंप पावतो आहे. आठ आणि चार नंबरच्या पायांमध्ये, अगदी लगत, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक लावला की बहुधा तो शांत होतो. आउटपुटला ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर नसेल, तर लांब केबलची कपॅसिटन्सही त्याला बिथरवते.

कानाला न ऐकू येणाऱ्या अशा गडबडीबद्दल मिक्सर-रचनाकार रुपर्ट नीव्ह (१९२६–२०२१) एक किस्सा सांगत. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी त्यांच्या एका डेस्कवरची तीन चॅनल वेगळी वाजतात अशी तक्रार केली. शोध घेतल्यावर ट्रान्सफॉर्मरचं टर्मिनेशन चुकलेलं निघालं आणि ५४ किलोहर्ट्झला ३ डीबीचा उंचवटा सापडला. माणसाला ऐकू येतं वीस किलोहर्ट्झपर्यंत. वाद आजही मिटलेला नाही. मला मात्र यात मोजणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. नीव्हच्या १०७३ मॉड्यूलची आउटपुट स्टेज म्हणजे एक २एन३०५५ ट्रान्झिस्टर आणि एक ट्रान्सफॉर्मर. हाच जाडजूड धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या हौशी लोकांनी पॉवर सप्लायमध्ये वापरला. त्या स्टेजमध्ये कुणी सुधारणा करायला जात नाही. ती दुरुस्त करतात आणि तशीच ठेवतात.

आउटपुटवर न थांबता चॅनलांतही ५५३२ भरायचा मोह झाला, तर आधी सप्लायकडे बघावं. टीएल०७२ सुमारे ३ मिलिअँपिअर घेतो, ५५३२ आठ. चॅनलमागे पाच आयसी धरले, तर चोवीस चॅनलांना सहाशे मिलिअँपिअरचा जादा बोजा पडतो. रेग्युलेटर तापतात, आणि त्यांच्या शेजारचे कपॅसिटर पुन्हा सुकू लागतात.

आउटपुट अनबॅलन्स्ड असेल, तर तिसरं काम सगळ्यांत स्वस्त. हॉट पिनला जो रेझिस्टर आणि कपॅसिटर आहे, अगदी तसाच जोड कोल्ड पिनपासून ग्राउंडला लावायचा. सिग्नल एकाच तारेवर राहतो, त्यामुळे दोन्ही तारांवर सिग्नल देणाऱ्या खऱ्या बॅलन्स्ड ड्रायव्हरचे जादा ६ डीबी मिळत नाहीत. पण दोन्ही तारांचा इम्पिडन्स सारखा होतो आणि केबलने वाटेत गोळा केलेला हम पलीकडच्या यंत्राचा बॅलन्स्ड इनपुट वजा करतो. दोन्ही बाजूंना मिळून दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर लागतात.