लाल रंग प्लेटमध्येच ठरतो

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. दिवसभर कारखान्यांचे जॉब चालतात आणि संध्याकाळकडे बाइकवाली मुलं येतात. कुणाला हँडल उंच करायला रायझर हवे असतात, कुणाला पेट्रोल टाकीचं झाकण, कुणाला रिअरसेट. पाय जरा मागे आणि वर घेऊन, पुढे झुकून बसता यावं म्हणून मूळ फूटरेस्टच्या जागी जो संच बसवतात तो रिअरसेट. मोबाइलवर फोटो दाखवत मुलं म्हणतात, "ताई, अस्साच लाल पाहिजे." मी विचारते, "प्लेट कुठल्या ग्रेडची घ्यायची?" या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. रंग हे शेवटचं काम, ते नंतर बघू, असा त्यांचा समज असतो. ॲनोडायझिंगमध्ये मात्र शेवटचं काम पहिल्या दिवशी ठरवावं लागतं.

कारण हा रंग पेंटसारखा वरून बसत नाही. ॲल्युमिनियम उघडं पडलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन ते स्वतःवर ऑक्साइडचा थर तयार करतं. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. ॲनोडायझिंगमध्ये तोच थर वीज देऊन हजारो पटींनी वाढवतात. तो धातूतूनच उगवलेला असल्यामुळे पेंटसारखे त्याचे पापुद्रे सुटत नाहीत. माणिक आणि नीलम ज्या संयुगाचे असतात, तेच हे ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणून मूळ धातूपेक्षा ते कितीतरी कठीण. ही पद्धत इंग्लंडमध्ये 1923 मध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट या दोघांनी क्रोमिक ॲसिड वापरून आणली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यानं खाल्ले जाऊ नयेत, हा त्यांचा हेतू होता. 1927 मध्ये गोवर आणि ओब्रायन यांनी गंधकाम्लाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. बाइकच्या पार्टवर आज दिसणारे रंग बहुतेक याच पद्धतीचे.

ॲनोडायझिंगच्या प्लांटमध्ये जॉब आधी तेलकटपणा काढणाऱ्या टाकीत जातो, मग गरम कॉस्टिक सोड्यात. तिथे वरचा पातळ थर खाल्ला जातो आणि जॉबवर काळपट काजळी उरते. ती नायट्रिक ॲसिडमध्ये उतरते. प्रत्येक टाकीनंतर पाण्याची धुलाई. मग मुख्य टाकी: 15 ते 20 टक्के गंधकाम्ल, 18 ते 22 अंश तापमान, 12 ते 20 व्होल्ट, आणि जॉब विजेच्या धन टोकाला जोडलेला. साधारण अर्ध्या तासात 12 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित जाड थर तयार होतो.

वीज वाहते तशी ही टाकी तापते. तापमान 25 अंशांच्या वर गेलं, की ॲसिड तयार होणारा थर विरघळवू लागतं. मग थर भुसभुशीत होतो, बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय चांगलं काम होणं अशक्य. नव्या प्लांटमध्ये गेले की मी रंगांचा तक्ता पाहण्याआधी चिलर कुठे आहे ते विचारते.

या थराची खरी गंमत सूक्ष्मदर्शकाखाली आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं एकाला एक लागून उभी असतात आणि प्रत्येकाच्या मधोमध 15-20 नॅनोमीटर रुंदीचं छिद्र असतं. गरम डायच्या, म्हणजे रंगद्रव्याच्या टाकीत जॉब बुडवला की रंग या छिद्रांत शिरतो. नंतर उकळत्या शुद्ध पाण्यात सीलिंग करतात. पाण्याशी संयोग होऊन ऑक्साइड फुगतं आणि छिद्रांची तोंडं बंद होतात. दर मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात, म्हणजे 12 मायक्रॉनला जवळपास अर्धा तास. घाईच्या दिवसांत नेमकी हीच वेळ कापली जाते. पार्ट हातात आल्यावर पांढरं ओलं फडकं घासून बघा. रंग फडक्याला लागला, तर सीलिंग कच्चं आहे.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. थर धातूतून उगवतो, त्यामुळे धातूत जे मिसळलंय ते थरात उतरतं. 6061, 6063 आणि 6082 या ग्रेडमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन थोड्या प्रमाणात असतं. त्यांच्यावरचा थर पारदर्शक येतो आणि लाल खुलून दिसतो. रिअरसेटसाठी मी 6082-टी6 सुचवते. 7075 जास्त मजबूत, पण त्यात जस्त असतं आणि तोच डाय त्यावर वेगळी छटा देतो. 2014, 2024 मध्ये तांबं असतं, तिथे थर मऊ आणि पिवळसर. इंजिनाची कव्हरं डायकास्ट असतात. एडीसी-12 या नेहमीच्या मिश्रधातूत 10 ते 12 टक्के सिलिकॉन असतं. सिलिकॉनवर थर उगवत नाही, ते करडंच राहतं आणि वरचा लाल चिखलासारखा दिसतो. अशा कव्हरला पावडर कोटिंग करा, पैसे वाचतील. भंगारातून आणलेल्या प्लेटचा ग्रेडच माहीत नसतो. डावा आणि उजवा भाग एकाच प्लेटमधून कापून एकाच खेपेत टाकीत जायला हवेत, नाहीतर दोन्हींच्या छटा जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट मापांची. थराचा साधारण एक तृतीयांश भाग मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो, बाकीचा आत जातो. बेअरिंगसाठी 22 मिमीचं भोक केलं, तर 12 मायक्रॉनच्या थरानं ते 8 मायक्रॉननी लहान होतं. घट्ट बसणाऱ्या बेअरिंगला एवढा फरकही जाणवतो, म्हणून मी ते माप ड्रॉइंगमध्येच सोडते. हार्ड, म्हणजे जास्त जाड थराच्या ॲनोडायझिंगमध्ये थर 50 मायक्रॉनचा असेल, तर निम्मा बाहेर येतो. आट्यांच्या उतारामुळे टॅप केलेल्या भोकात हा फरक चौपट होतो आणि बोल्ट अडतो. तिथे सिलिकोन रबराची बुचं लावून आटे झाकावे लागतात. स्टीलचा बुश किंवा हेलिकॉइल, म्हणजे आट्यांसाठी बसवलेली तारेची गुंडाळी, आत राहिला, तर ॲसिड तो खाऊन टाकतं. एका बाजूनं बंद असलेल्या भोकात ॲसिड साठतं आणि नंतर झिरपून रंगावर डाग पाडतं, म्हणून शक्य तिथे मी भोक आरपार काढते. धारदार कोपऱ्यावर थर नीट जुळत नाही, म्हणून सगळीकडे अर्धा मिमीचा रेडियस. जॉब ज्या टोकावर लटकतो, तिथे थर चढतच नाही. ती जागा फिटिंगखाली झाकली जाईल अशी आधीच नेमावी लागते.

ॲनोडायझिंग काही झाकतही नाही. कटरच्या रेषा, ओरखडे, पॉलिश पेपरचे वळ, सगळं रंगातून दिसतं. मॅट हवं तर काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग, चमक हवी तर बफिंग, आणि तेही टाकीत जाण्याआधी.

सुरक्षेबद्दल दोन गोष्टी. ऑक्साइड ठिसूळ असतं. पुन्हा पुन्हा भार घेणाऱ्या पार्टवर फार जाड थर दिला, तर त्यातली भेग धातूत उतरू शकते. रिअरसेटवर अख्ख्या माणसाचा पाय असतो, म्हणून तिथे मी पातळ थरच देते. दुसरं, हा थर वीज वाहू देत नाही. हँडलच्या रायझरमधून एखाद्या स्विचचं अर्थिंग जात असेल, तर वेगळी वायर टाका.

काही मुलं घरीच बॅटरी चार्जरवर हे करू बघतात. त्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. टाकीत हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. गंधकाम्लात पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. वापरलेलं ॲसिड गटारात सोडणं तर गुन्हाच आहे. चांगला प्लांट ते चुन्यानं उदासीन करून, गाळ वेगळा काढून मगच पुढे सोडतो. त्याचा खर्च आपल्या बिलात असतो आणि तो असायलाच हवा.

उन्हात कुठलाही सेंद्रिय डाय हळूहळू विटतो, गुलाबी आणि जांभळा बहुधा लवकर. लोहाच्या क्षारापासूनचा सोनेरी आणि चांगला काळा जास्त टिकतात. चेन धुताना तीव्र अल्कधर्मी क्लीनर या पार्टवर पडू देऊ नका, त्यानं थरच खाल्ला जातो. एकदा थर काढून पुन्हा चढवायचा म्हटलं, तर प्रत्येक वेळी धातू कमी होतो आणि माप हातचं जातं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. मशिनवर प्लेट बांधण्याआधी ग्रेड, थराची जाडी, रंग, लटकवायची जागा आणि सोडायची मापं कागदावर लिहा आणि ॲनोडायझिंगवाल्यालाही तो कागद दाखवा. ज्याला मनासारखा लाल हवा, त्यानं पहिला खर्च सर्टिफिकेट असलेल्या प्लेटवर करावा.