रंगांनी सांगितलेले नाते

धुळे व जळगाव जिल्ह्यांतील कोरड्या माळरानांवर व शेतांच्या बांधांवर निवडुंग आढळतात. ज्याचे खोड चपट्या फड्यांचे बनलेले असते, तो फड्या निवडुंग; ज्याच्या खोडाला तीन धारा असतात, तो तिधारी निवडुंग. दोघेही मांसल आणि दोघेही काटेरी. लोकांनी त्यांना एकच नाव दिले, यात नवल नाही. परंतु ही झाडे एकमेकांची जवळची आप्त नव्हेत. तिधारी निवडुंगातून दुधासारखा चीक निघतो. तो एरंडाच्या कुलातील आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतील असून त्याला असा चीक नसतो. रुक्ष प्रदेशात पाणी साठविण्याच्या गरजेमुळे दोघांना सारखे रूप आले, इतकेच.

मग फड्या निवडुंगाचे खरे आप्त कोणते? त्याच्या फुलांची रचना इतकी निराळी, की कित्येक शास्त्रज्ञ त्याचा स्वतंत्र गण मानीत. हे कोडे सोडविण्यास त्याच्या फळातील तांबड्या रंगाचे साहाय्य झाले.

जांभळाचा, जास्वंदीचा व तांबड्या एरंडाच्या देठाचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो. बीटचा रंगही त्याच जातीचा असावा, अशी पूर्वी समजूत होती. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. जास्वंदीच्या रसात लिंबू पिळले असता तो लाल होतो व सोडा घातला असता हिरवट होतो. बीटचा रस लिंबाने पालटत नाही. शिवाय बीटच्या रंगद्रव्यात नायट्रोजन असतो, अँथोसायनिनात तो नसतो. १९६८ साली टॉम मॅब्री व आंद्रे ड्रायडिंग या शास्त्रज्ञांनी अशा द्रव्यांना ‘बीटालेन’ हे नाव दिले. विशेष हे, की ही दोन्ही प्रकारची द्रव्ये निसर्गात एकाच वनस्पतीत एकत्र आढळलेली नाहीत.

बीटालेन तांबड्या माठात आहे, राजगिऱ्यात आहे, गुलबक्षीत व बोगनवेलीत आहे. आणि फड्या निवडुंगाच्या फळातही आहे! म्हणजे बांधावरच्या या काटेरी झाडाचे नाते शेजारच्या तिधारीशी नसून परसातल्या माठाशी आहे. पुढे पेशींतील डीएनएच्या अभ्यासानेही हेच सिद्ध झाले.

तथापि एकाच खुणेवर विसंबणे योग्य नव्हे. कार्नेशनचे फूलझाड माठाच्याच गणातले आहे, पण त्याच्या फुलांत अँथोसायनिन असते. म्हणून वनस्पतींचे वर्गीकरण करताना शास्त्रज्ञ रूप, रचना व रसायन या सर्वांची साक्ष घेतात आणि मगच निर्णय देतात.