तांदळाच्या डब्यात ज्वारी

जावा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एक अडचण हटकून भेटते. परीक्षेचे गुण त्याने ‘लिस्ट<इंटिजर>’मध्ये ठेवलेले असतात, बेरीज करणारी मेथड मात्र ‘लिस्ट<नंबर>’ मागते. इंटिजर हा नंबरच ना? मग प्रकार जुळत नाहीत म्हणून कंपायलर का अडवतो?

घरातलेच उदाहरण घेऊ. तांदूळ हे धान्य खरे, पण तांदळाचा डबा म्हणजे धान्याचा डबा नव्हे. ‘हा धान्याचा डबा’ असे सांगून तो दुसऱ्याच्या हाती दिला, तर तो त्यात खुशाल ज्वारी ओतील. फजिती होईल ती भात लावणाऱ्याची! तद्वतच ‘लिस्ट<नंबर>’मध्ये साडेसातसारखा ‘डबल’ही घालता येतो. तो इंटिजरच्या यादीत शिरू नये, म्हणून कंपायलर आधीच दार लावतो.

अ‍ॅरेला हा बंदोबस्त नाही. इंटिजरची अ‍ॅरे नंबरची म्हणून खपते आणि तीत डबल घातला की प्रोग्राम चालू असताना ‘अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन’ येते. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत जेनेरिक्स आले, ते अशा चुका आधीच पकडता याव्यात म्हणून.

पुष्कळजण कोनी कंस गाळून नुसते ‘लिस्ट’ लिहितात. कंपायलर इशारा देऊन गप्प बसतो आणि काम झालेसे वाटते. पण कंसातला प्रकार प्रोग्राम चालताना तपासलाच जात नाही. डबल निमूट आत जातो, आणि पुढे कुठेतरी गुण इंटिजर म्हणून काढताना ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ उद्भवते. चूक एका ठिकाणी, बोभाटा दुसऱ्याच!

खरा उपाय करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ही मेथड यादीतून काढते की यादीत घालते? नुसते काढून वाचायचे असेल, तर ‘लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर>’ लिहावे. बेरजेला एवढे पुरते. मात्र अशा यादीत ‘नल’वाचून काही घालता येत नाही. इंटिजर घालायचे असतील, तर ‘लिस्ट<? सुपर इंटिजर>’, तीतून काढलेली वस्तू मात्र केवळ ‘ऑब्जेक्ट’ म्हणून मिळते. दोन्ही करायचे असल्यास नेमका प्रकारच लिहावा. आणि नंबरची स्वतंत्र यादीच हवी असेल, तर ‘न्यू अ‍ॅरेलिस्ट<नंबर>(गुण)’ अशी प्रत करावी. नव्या डब्यात ज्वारी पडली, तरी जुना तांदूळ निवडत बसावे लागत नाही.

तेव्हा मित्रहो, कंपायलरवर चिडू नका. तो डब्यावरची चिठ्ठी वाचतो, इतकेच.