जुन्या मोटारीच्या दरवाजाचे दुखणे बिजागरीत

मुंबई, प्रतिनिधी – प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३पासून टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. मात्र पद्मिनी, अॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेरल्ड अशा मोटारी हौसेने जपणारे मालक आजही आहेत. इंजिन, रंग आणि क्रोमची चकाकी यांवर त्यांचे बारीक लक्ष असते. दुर्लक्ष होते ते दरवाजाच्या बिजागऱ्यांकडे. बंद करताना दरवाजा उचलून धरावा लागणे, दोनदा आपटल्यावरच लॉक लागणे, खालच्या पट्टीचा रंग खरवडला जाणे, ही बिजागरी झिजल्याची लक्षणे होत. प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. लॉक पूर्ण न अडकलेला दरवाजा चालत्या गाडीत उघडू शकतो आणि जुन्या मोटारीत सीट बेल्ट असतोच असे नाही.

भार कोठे पडतो?

उघड्या दरवाजाचे वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढते, तर खालच्या बिजागरीला खांबावर दाबते. दरवाजा एक मीटर लांब आणि दोन बिजागऱ्यांमधील अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर वरच्या बिजागरीतील अर्ध्या मिलिमीटरच्या झिजेमुळे दरवाजाचे लॉककडील टोक दीड मिलिमीटरहून अधिक खाली येते. खालची बिजागरीही तितकीच झिजली असल्यास ही घसरण दुप्पट होते. म्हणूनच पिन किंचित झिजली तरी दरवाजा चांगलाच लोंबलेला दिसतो.

आधी निदान

दरवाजा अर्धा उघडून त्याचे मोकळे टोक हाताने वर-खाली करावे आणि त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने बिजागऱ्यांकडे पाहावे. पिनपाशी हालचाल दिसल्यास पिन किंवा बुश झिजले आहे. बिजागरीची पाटी खांबावर हलत असल्यास बोल्ट सैल आहेत किंवा खांबाचा पत्रा सडला आहे. काहीच हलत नसेल आणि तरीही दरवाजा खाली असेल, तर पूर्वी कोणीतरी बिजागरी वाकवली असण्याची किंवा ती चुकीच्या जागी बसवली असण्याची शक्यता असते.

अनेक गॅरेजमध्ये हे निदान न करताच खांबावरील लॉकची पट्टी खाली सरकवली जाते. दरवाजा लागतो, पण झीज सुरूच राहते. बिजागरीत लाकडाचा ठोकळा अडकवून दरवाजा दाबणे हा दुसरा झटपट उपाय. त्यात खांबाचा पत्रा फाटण्याचा धोका असतो.

पिन आणि बुश

दुरुस्तीपूर्वी बिजागरीच्या पाट्यांभोवती खुणा करून घ्याव्यात. दरवाजाखाली जॅक, त्यावर लाकडी फळी आणि जाड कापड ठेवून वजन पेलावे. दरवाजा ठरावीक अंतरावर अडवणारा पट्टा प्रथम सोडवावा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल टाकल्यास डोके तुटण्याची शक्यता कमी होते.

जुन्या मापाची नवी पिन घालून काम भागतेच असे नाही, कारण पिनबरोबर छिद्रही झिजून लंबगोल झालेले असते. ते रीमरने पुन्हा गोल करून त्या मापाची जाड पिन लेथवर बनवून घ्यावी किंवा छिद्र मोठे करून त्यात पितळी बुश दाबून बसवावे. पिन एका पाटीत घट्ट राहून दुसरीत फिरली पाहिजे. सुटे भाग सहज मिळत नसले तरी हे काम अनुभवी टर्नर करू शकतो.

पुन्हा बसवताना

चार दरवाजांच्या गाडीत सुरुवात मागील दरवाजापासून करावी, कारण त्यामागची बॉडी सरकवता येत नाही. बोल्ट अर्धवट कसून चारी बाजूंची फट सारखी करावी, गरजेनुसार पाटीखाली पातळ पत्र्याचे तुकडे घालावेत आणि नंतरच बोल्ट पक्के करावेत. लॉकची पट्टी सर्वांत शेवटी जुळवावी.

खांबच सडला असल्यास पिन बदलून उपयोग नाही. पत्रा कापण्यापूर्वी बॉडीला आधार द्यावा लागतो. अन्यथा दरवाजाची चौकटच वाकडी होते. केंद्र सरकारच्या जुलै २०२१मधील नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली मोटारच ‘विंटेज’ ठरते. त्यामुळे गंज खांबापर्यंत पोहोचण्याआधीच लक्ष देणे हिताचे.

त्यासाठी खर्चही फारसा नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पिनवर तेलाचे दोन थेंब सोडावेत, पावसाळ्याआधी दरवाजाच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी करावीत आणि गाडीतून उतरताना उघड्या दरवाजावर शरीराचा भार टाकू नये.