नाणं कुठे सापडलं?

विषय कळल्यावर तुमच्यापैकी दोघं-तिघं घरची जुनी नाणी रुमालात बांधून घेऊन आले आहेत. ती आपण शेवटी बघू. पण आधीच सांगून ठेवतो, नाणं हातात घेतल्यावर आम्ही "केवढ्याला जाईल?" हे सांगण्याआधी "कुठे सापडलं?" हे विचारणार आहोत. या प्रश्नाला उत्तर असेल तर नाण्याचं मोल वेगळं, नसेल तर वेगळं. का, ते आज समजून घेऊ. उदाहरणासाठी लांब जायला नको.

वैतरण्याहून चर्चगेटकडे निघालं की आधी विरार, मग नालासोपारा. यातलं सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे 'बुरुड राजाचा कोट' म्हणून एक टेकाड होतं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली ते खणलं आणि आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले असावेत, असं भगवानलालांचं म्हणणं. तांब्याच्या करंडकाभोवती ब्राँझच्या छोट्या मूर्ती होत्या. ठेव्यात सोन्याची फुलं होती. आणि एक चांदीचं नाणं होतं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं.

सातवाहनांची नाणी म्हटलं की शिसं, तांबं, पोटीन. चेहऱ्याची चांदीची नाणी त्या मानाने कमीच. त्यामुळे हे नाणं बाजारात आलं असतं तरी त्याला चांगली किंमत मिळाली असती. पण मग आपल्याला काय कळलं असतं? यज्ञश्रीने चांदीची नाणी पाडली, एवढंच. ते त्या पेटीत सापडलं म्हणून आणखी काही कळलं. यज्ञश्रीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाची अखेर. म्हणजे हा ठेवा त्याच्या आधी बंद झालेला नाही.

गंमत पुढेच आहे. त्याच पेटीतल्या ब्राँझच्या मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या ठरतात. नाणं एक काळ सांगतं, मूर्ती त्याच्या पाच-सहाशे वर्षं पुढचा. याचा अर्थ हा स्तूप नंतर कधीतरी पुन्हा उघडला गेला, मूर्ती ठेवल्या गेल्या आणि तो परत बंद झाला. सोपाऱ्यात बौद्ध धर्म इतका काळ जिवंत होता, हे आपल्याला त्या दोन गोष्टी एकत्र सापडल्यामुळे कळलं. नाणं एका दुकानात आणि मूर्ती दुसऱ्या दुकानात गेल्या असत्या, तर हे वाक्य कोणालाच लिहिता आलं नसतं. सुदैवाने भगवानलालांनी सगळं नोंदवून छापलं, आणि ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

आता एका नाण्याकडून ढिगाकडे येऊ. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून 1908 मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगराचं चिन्ह, मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह. क्षहरातांचा वंश निखंदून काढल्याचं नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतोच, पण तो जिंकणाऱ्याच्या घरचा लेख. आईने मुलाचं कौतुक केलेलं आहे. नाणी मात्र खिशातली, बाजारातली.

यातलं एखादं नाणं आजही संग्राहकांकडे दिसतं. सुटं नाणं सांगतं की ठसा मारला होता. पण किती नाण्यांवर मारला? साधारण तीनातल्या दोनांवर. हे प्रमाण ढीग एकत्र मोजला गेला म्हणून हाती आलं. राजा बदलला तरी जुनी चांदी लगेच वितळवली गेली नाही, ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकाच साठ्यात राहिली, हेही त्यातूनच दिसतं.

असंच इटलीतल्या सिसिली बेटाचं आहे, आणि परदेशी नाणी जमवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो. हे बेट तेव्हा बायझंटाईन साम्राज्यात होतं. सातव्या शतकात सम्राट हेराक्लियसच्या काळात तिथे जुन्या तांब्याच्या नाण्यांवर नवा ठसा मारून ती पुन्हा चालवली गेली. ठशात बेटाच्या नावाची अक्षरं असल्यामुळे अशी नाणी ओळखता येतात. पण कॉन्स्टँटिनोपलहून आलेलं आणि ठसा न मारलेलं नाणं? ते सिसिलीच्या मातीत सापडलं काय किंवा तुर्कस्तानात सापडलं काय, दिसायला तंतोतंत सारखंच. ते बेटावर फिरलं होतं याचा पुरावा म्हणजे फक्त सापडल्याची नोंद. ती गेली की नाणं राहतं आणि बेट निघून जातं.

आपल्याकडे ही नोंद कुठे गळते? नाशिक, पैठण, तेर इथे पावसानंतर किंवा नदीच्या वाळूत नाणी मिळतात. सापडणारा ती सराफाला देतो, सराफ मोठ्या व्यापाऱ्याला, तो मुंबईच्या गिऱ्हाइकाला. प्रत्येक हातबदलात भाव चढतो आणि गावाचं नाव पुसट होतं. कधीकधी मुद्दाम पुसलं जातं, कारण नाव सांगितलं तर कायदा आड येतो.

तो कायदा 1878 चा आहे आणि अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. त्यात तीन गोष्टी लिहायच्या: काय आणि अंदाजे किती किमतीचं, कुठे, आणि कोणत्या तारखेला. बाजार नेमकं दुसरं आणि तिसरं गाळतो! कळवलं नाही तर हिस्सा जातो, शिक्षाही होऊ शकते. कळवलं, मालक कोणी निघाला नाही आणि दुसरा काही करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक, अशी वाटणी आहे. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. आता बघा, नऊ रुपयांची चांदी असेल तर मिळणार दहा-अकरा रुपये, आणि बाजार कदाचित कित्येक पट देईल. आमच्या मते कायद्याचा हा भाग बदलायला हवा. प्रामाणिक माणसाला तोटा झाला तर तो एकदाच प्रामाणिक राहतो.

विकत घेणाऱ्यांसाठी दुसरा कायदा, 1972 चा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. परवाना बघा, पावती घ्या. पावतीवर "जुने नाणे 1 नग" एवढंच नको. राजा, धातू, वजन आणि विकणाऱ्याकडे ते कुठून आलं, हे लिहून मागा. खोट्या नाण्यांच्या बाजारात जुनी पावती, जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधला फोटो, आजोबांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी यांना भाव येतो तो याचमुळे. तरी चिठ्ठीही खोटी असू शकते. त्यावरचं वजन आणि काठावरचे खाचखळगे हातातल्या नाण्याशी जुळवून बघा.

आम्हीही चुकलो आहोत. सुरुवातीला घेतलेली बारा सातवाहन नाणी आम्ही चिंचेने घासून चकचकीत केली आणि एकाच डबीत टाकली. काही नेवाशाची होती, काही जुन्नरची. कोणती कुठली, ते आज आम्हालाच सांगता येत नाही. मातीचा थर असता तर निदान काही अंदाज बांधता आला असता, तोही आम्हीच धुऊन टाकला.

तेव्हा रुमालातली नाणी घासू नका. प्रत्येकाला वेगळं कागदी पाकीट करा, प्लॅस्टिकचं नको. पाकिटावर नाणं आत घालण्यापूर्वी पेन्सिलने लिहा: कोणाकडून आलं, कधी, कुठल्या गावचं, आणि हे कोणी सांगितलं. आजीने सांगितलं असेल तर "आजीने सांगितले" असंच लिहा. माहीत नसेल तर "ठिकाण माहीत नाही" लिहा, अंदाजाने सोपारा लिहू नका. चला, आता रुमाल सोडा.