दोन इंच उचलली, पण नेमकं काय?

थार, बोलेरो किंवा जुनी कमांडर दारात आली की वर्षभरात मालकाच्या मनात एक विचार घोळू लागतोच : गाडी जरा उचलून घ्यावी. कराडात राहणाऱ्याला तर त्यासाठी निमित्तंही शोधावी लागत नाहीत. पश्चिमेला पाटण, कोयनानगर आणि वनकुसवड्याचं पवनचक्क्यांचं पठार; खाली कृष्णाकाठची काळी रानं आणि त्यांतल्या पाणंदी. गॅरेजवाला विचारतो, "किती उचलायची?" मला वाटतं, त्याच्याही आधी विचारावं, काय उचलायचं? कारण नवे स्प्रिंग टाकून गाडी दोन इंच वर गेली, तरी तिच्याखालची सगळ्यात खालची वस्तू बहुधा होती तिथेच राहते. केसभरसुद्धा वर सरकत नाही.

खोटं वाटत असेल तर गाडीच्या मागे उकिडवं बसून खाली बघा. दोन मागच्या चाकांना जोडणारा जाड ॲक्सल दिसेल आणि त्याच्या मध्यावर भोपळ्याएवढा लोखंडी गोळा. हा डिफरन्शियल. वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरावं, याची सोय करणारे दाते त्याच्या पोटात आहेत. ॲक्सल बसलाय थेट चाकांवर, आणि चासी ॲक्सलवर तोललीय ती स्प्रिंगांवर किंवा पाट्यांवर. म्हणजे स्प्रिंग उचलणार ते फक्त त्याच्या वरचं : चासी, बॉडी, बंपर, आपण. गोळ्याची उंची ठरवतो टायर, तोही निम्म्याच हिशेबाने. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा एक इंच वर येतो.

आता उसाच्या हंगामातली पाणंद डोळ्यांपुढे आणा. भरलेल्या ट्रॉल्या ओढून ट्रॅक्टरांनी काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पाडल्यात आणि मध्ये मातीचा उंचवटा राहिलाय. जीप चाकोरीत उतरली की तो उंचवटा बरोब्बर गोळ्यालाच घासतो. हजारो रुपये घालून केलेली लिफ्ट इथे शोभेची. बॉडी ऐटीत वर आणि गोळा चिखलात.

मग लिफ्टचा उपयोग कुठे? चढ-उतारांच्या वाटेवर. तिथे उंचीपेक्षा कोन महत्त्वाचे. बंपर न घासता गाडी किती उभ्या चढाला भिडेल, तो एक कोन. उंचवटा पार करताना पुढच्या-मागच्या चाकांमधलं पोट अडकणार नाही, तो दुसरा. २०२० च्या थारसाठी कंपनीने हा दुसरा कोन २७ अंश दिलाय, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४५० मिलिमीटर. साध्या भूमितीने मांडलं तर पोट ५० मिलिमीटर वर गेल्यावर तो ३१ अंशांच्या आसपास जातो. चार अंश म्हणजे थोडे नव्हेत. पण याच गणितात आणखी एक गंमत लपलीय. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या चाकांतलं अंतर होतं ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. तिला थारएवढंच उंच पोट दिलं, तर काहीही न उचलता कोन ३२ अंशांवर जातो! नुसत्या आखूडपणाची ही कमाई. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत जोडायला घेतली ती याच घराण्यातली विलीज.

स्प्रिंगबद्दलही आपला एक गोड गैरसमज असतो. गुंडाळीचा स्प्रिंग दाबला की तार दुमडते, असं वाटतं. प्रत्यक्षात तार पिळली जाते, ओला टॉवेल पिळावा तशी. गुंडाळी उलगडून सरळ केली तर जी सळई उरेल तिला टॉर्शन बार म्हणतात, आणि आधीच्या पिढीतल्या काही थारना पुढे नेमकी तीच होती. बोल्ट आवळला की नाक वर. फुकटातली लिफ्ट! पण त्याने सळईची ताकद वाढत नाही, तिची बैठक फक्त फिरते. चाकाला खाली लोंबायला जी जागा होती ती आधीच खर्ची पडते, मग खड्ड्यावर चाक जमिनीपर्यंत पोचत नाही आणि हवेत फिरतं. वडापच्या जीपवाल्यांनी याचा दुसरा प्रकार पुष्कळ केला. जास्त माणसं बसवायची म्हणून मागे एक पाटा वाढवला. गाडी आपोआप उंच झाली. भरलेली छान चालायची, रिकामी असली की पाठीची हाडं मोजून घ्यायची.

मला सगळ्यात थक्क करते ती मात्र गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे फिरणं नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाची लहानशी वस्तू, जिला गॅरेजात नुसतं 'क्रॉस' म्हणतात. शाफ्ट तिरपा असला की हा क्रॉस फिरणं पुढे पोचवतो खरा, पण एकसारखं नाही. गाडी एका स्थिर वेगाने चाललेली असते आणि आत शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. तिरपेपणा १० अंश असेल तर हा फरक दीड टक्का. २० अंश झाला की सहा टक्क्यांवर. कोन दुप्पट, धक्का चौपट. कारखान्यात दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे ठेवतात, म्हणजे एकाची चूक दुसरा पुसतो. तुम्ही गाडी उचलली की शाफ्ट आणखी तिरपा होतो. दोन्ही कोन सारखे राहिले नाहीत, की महामार्गावर ८० च्या वेगाला खालून घरघर सुरू होते.

महामार्ग म्हटल्यावर उलटण्याचं भय आलंच. समजा डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १५२० मिलिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे. उभी गाडी कागदावर ४७.४ अंशांपर्यंत कलू शकते. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर वर नेला की ही मर्यादा ४५.८ वर येते. फरक दीडेक अंशाचा, म्हणून दुर्लक्ष करावंसं वाटतं. पण चालत्या गाडीत पाटे आणि टायर दबतात, आत माणसं हलतात, टपावर सामान असतं, आणि पुणे-बंगळूर रस्त्यावर कुणी आडवं आलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं. ते दीड अंश तेव्हाच हवे असतात. डोंगराच्या आडव्या उतारावरही तेच.

कायदा थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कराडची एमएच-५० ची पाटी लावून फिरायचं तर आधी परिवहन कार्यालयात विचारलेलं बरं.

माझं मत विचाराल तर आधी गाडीखाली आडवं होऊन ओरखडे शोधा. गोळ्यावर असतील तर लिफ्टचा विषयच संपला. बंपरखाली आणि पायरीवर असतील, आणि वाट खरोखर दगडांची असेल, तर इंच-दीड इंचाचा विचार करायला हरकत नाही. त्याहून जास्त मी करणार नाही. चिखलाचाच त्रास असेल तर चांगले दात असलेले टायर घ्या आणि पाणंदीच्या तोंडाशी त्यांतली हवा थोडी सोडा. टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांबतो, पकड वाढते. गाडी त्यामुळे काही मिलिमीटर खालीच बसते, तरी ज्या चिखलात मघाशी चाकं नुसती फिरत होती तिथून निघते. डांबरीवर परतताना हवा भरून घ्यायची, एवढं मात्र विसरू नका.