मोठ्या कुत्र्यांचा देहभार व गुडघ्यातील बंध

बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील होत. तेथील माळावर मेंढरांमागे हिंडणारा धनगराचा कुत्रा आणि नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात बंगल्याच्या फाटकाशी बांधलेला लॅब्रेडॉर यांच्या गुडघ्यांची रचना एकच आहे. भिन्न आहे तो त्या गुडघ्यावर पडणारा भार. मोठ्या जातींतील बंधविकाराचा विचार या भेदापासून करणे सोयीचे होय.

गुडघ्यात मांडीचे व नडगीचे हाड जोडणारे दोन बंध फुलीसारखे एकमेकांस छेदून जातात. पैकी पुढील बंध नडगीस पुढे सरकू देत नाही. मनुष्य गुडघा ताठ करून उभा राहतो. कुत्रा मात्र तो सदैव वाकवून उभा असतो, व त्याच्या नडगीचा माथा मागील बाजूस उतरता असतो. साहजिकच पाऊल टेकताच मांडीचे हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहते आणि प्रत्येक पावलागणिक हा बंध ताणला जातो. खेळाडूचा बंध बहुधा एका हिसक्याने तुटतो. कुत्र्याचा तंतूतंतूने झिजतो. ‘धावताना पाय मुरगळला’ असे मालक सांगतो, तो क्षण बहुधा जुन्या झिजेचा शेवट असतो. म्हणूनच एका पायाचा बंध तुटलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे निम्म्यांचा दुसराही कालांतराने तुटतो.

केवळ आकार हे कारण मानता येत नाही. ग्रेहाउंड चांगला मोठा असूनही त्यास हा विकार क्वचितच होतो. लॅब्रेडॉर, रॉटवायलर व न्यूफाउंडलंड यांत तो पुष्कळ आढळतो. वंशाप्रमाणेच वाढ पुरी होण्यापूर्वी केलेल्या निर्बीजीकरणाचाही त्यात वाटा दिसतो. तथापि मालकाच्या हाती रोज असणारे कारण एकच, ते म्हणजे मेद. मेद हा नुसता बोजा नव्हे. त्यातून दाह वाढविणारी द्रव्येही स्रवतात.

भाराचे महत्त्व उपचारांत अधिकच स्पष्ट होते. वासर यांनी १९८४ साली शस्त्रक्रियेविना ठेवलेल्या कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत १५ किलोंहून हलक्या कुत्र्यांपैकी सुमारे ८५ टक्के सुधारले. त्याहून जड कुत्र्यांपैकी जेमतेम १९ टक्के. जड कुत्र्यासाठी नडगीचा माथा कापून त्याचा उतार कमी करण्याची स्लोकम यांची पद्धती १९९३ पासून रूढ झाली, परंतु ती खर्चिक व साधनसापेक्ष आहे. आहार आवरण्यास असे काही लागत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४८ लॅब्रेडॉरांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकास पाऊणपट आहार दिला गेला. हे कुत्रे सरासरीने सुमारे दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांस सांधेझिजेचे उपचार पुष्कळ उशिरा लागले. हा प्रयोग बंधांविषयीचा नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवावे.

अडचण आहे ती दृष्टीची. दारचा कुत्रा धष्टपुष्ट दिसावा, ही बागायतदाराची हौस. बरगड्या जाणवणारा कुत्रा त्यास उपाशी वाटतो. वस्तुतः हलक्या हाताने चाचपताच बरगड्या लागाव्यात, हेच योग्य देहभाराचे लक्षण होय. दिवसभर साखळीस बांधलेला जड कुत्रा रात्री एकाएकी उसात मोकळा सोडणे तर विशेष घातक. त्याचा मागील एक पाय बसताना बाजूस पसरू लागला, अथवा उभा असता तो बोटांवरच टेकू लागला, तर बंध पुरता तुटण्याआधीच पशुवैद्याकडून गुडघा तपासून घ्यावा. या परिसरास शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय फारसे दूर नाही.